भावगीत कशावर ऐकावं? तबकडी, टेप, डबा आणि मोबाइल यांची उलटतपासणी

स्पीकरच्या दुकानात गेलं की दुकानदार आधी बास ऐकवतो. डेमोला डीजेचं गाणं लागतं, काउंटरची काच थरथरते, गिऱ्हाईक खूश होतं. तोच स्पीकर घरी येतो, त्यावर लता मंगेशकरांचं ‘या चिमण्यांनो परत फिरा रे’ लागतं आणि गाणं नुसतं वाजत राहतं. आत कुठे पोचत नाही. मग आपण म्हणतो, पूर्वी रेडिओवर ऐकताना काय वाटायचं! पूर्वीचा रेडिओ फार थोर होता असं नाही. त्याचा एकुलता एक स्पीकर माणसाचा आवाज सरळ पुढे टाकायचा, एवढंच.

मराठी भावगीत रडवतं ते शब्दानं, आणि शब्दाआधी-शब्दानंतर घेतलेल्या श्वासानं. साधारण ३०० ते ४,००० हर्ट्‌झ (सेकंदाला इतकी कंपनं) हा त्यांचा मुलूख. स, श, च यांची धार त्याच्याही वर, ५,००० ते ८,०००पर्यंत जाते. साठ-सत्तर हर्ट्‌झचा धमाका या गाण्यांना फारसा लागतच नाही. डग्ग्याचा घुमारा सोडला तर तिथे मुळात काही भरलेलं नसतं. म्हणून या परीक्षणात प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारला आहे: शब्द पोचतो का?

तपासायला चार गाणी पुरतात, आणि प्रत्येकाचं काम वेगळं.

पहिलं ‘तोच चंद्रमा नभात’. शान्ता शेळके यांचे शब्द, सुधीर फडके यांची चाल आणि गळाही त्यांचाच. यात एक फुकटची चाचणी दडलेली आहे. ‘तोच’मधला च दंत्य, म्हणजे चमच्यातला. लगेच पुढच्या ‘चंद्रमा’मधला च तालव्य, म्हणजे चहातला. पुढे ‘तीच चैत्रयामिनी’त पुन्हा तीच जोडी, अगदी शेजारी शेजारी. बाबूजी उच्चाराला किती काटेकोर होते ते सांगायला नको. हे दोन च ते वेगळे काढूनच गातात. दंत्य च हवेच्या बारीक फवाऱ्यासारखा असतो आणि त्याचा जोर वरच्या पट्ट्यात. तालव्य च जरा खाली, अधिक ओलसर. साधन किंवा फाइल निकृष्ट असेल तर वरचा पट्टा आधी जातो आणि दोन्ही च एकाच साच्यातून काढल्यासारखे लागतात. दोन च वेगळे ऐकू आले की साधन निम्मं पास.

दुसरं ‘या चिमण्यांनो’. ‘जिव्हाळा’ (१९६८) चित्रपटातलं, गदिमांचं गीत, श्रीनिवास खळे यांचं संगीत, पूरिया धनाश्री रागाची छाया. त्यातला कोमल रिषभ षड्जाला अगदी चिकटून असतो. म्हणून तबकडी किंवा टेप फिरण्याच्या वेगात जराही डळमळ असली तर ती इथे आधी कळते. लांब स्वर थरथरला आणि ती थरथर गळ्याची वाटली नाही, तर यंत्राची मोटर किंवा तिचा रबरी पट्टा गेलेला आहे.

तिसरं ‘ने मजसी ने’. सावरकरांनी १९०९मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलेली कविता, हृदयनाथांची चाल, मंगेशकर भावंडांचे गळे. एकाच घरातले, जवळजवळचे आवाज एकत्र येतात तेव्हा चांगल्या साधनावर ते एकाशेजारी एक उभे असलेले कळतात. वाईट साधनावर त्यांचा एकच जाड आवाज होतो.

चौथं भीमसेन जोशींचं ‘इंद्रायणी काठी’. ‘गुळाचा गणपती’ (१९५३), गदिमा आणि पु. ल. देशपांडे. सत्तर वर्षांपूर्वीचं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं ध्वनिमुद्रण. साधनाचं नव्हे, तर जुन्या आवाजाची ‘साफसफाई’ करणाऱ्याचं प्रगतिपुस्तक यात दिसतं. त्याबद्दल पुढे येईलच.

साधनाआधी थोडं मालाबद्दल. हजारो रुपये यंत्रावर घालून त्यावर भलतीच प्रत वाजवणारे लोक पुष्कळ असतात. एकाच गाण्याच्या आज नेटवर पंधरा-वीस प्रती सापडतात: मूळ तबकडीवरून घेतलेली, कॅसेटवरून घेतलेली, पुन्हा नव्यानं गायलेली, मैफिलीतली, ‘व्हर्जन’ गायकाची (म्हणजे मूळ गायकाऐवजी दुसऱ्यानं गायलेली), आणि मूळ आवाजाखाली कीबोर्ड-ढोलक चिकटवलेली. ओळखायचं कसं? आधी लांबी बघा. दहा इंची ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. त्या काळातलं गाणं साडेचार-पाच मिनिटांचं दिसलं तर ते बहुधा नंतर पुन्हा गायलेलं आहे. मग स्टिरिओ बघा. पन्नाशीच्या दशकातल्या गाण्यात तबला उजवीकडे आणि बासरी डावीकडे ऐकू आली, तर कुणीतरी मोनो आवाज ओढूनताणून दोन बाजूंना पसरवलेला आहे. असा आवाज हेडफोनवर पोकळ लागतो, गायक समोर नसून दोन भिंतींच्या आड उभा असल्यासारखा. शक्यतो ‘मोनो’ लिहिलेली प्रत घ्यावी.

गीतरामायणाला आणखी एक तपासणी लागते. १९५५च्या रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंत पुणे आकाशवाणीवरून ही ५६ गाणी आठवड्याला एक अशी गेली, तेव्हा वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गायक-गायिका होते. आज बाजारात सर्वत्र आहे तो बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातला संच. दोन्हींचा परिणाम निराळा, तेव्हा घेताना कोणता घेतोय हे माहीत असावं. ‘पराधीन आहे जगती’सारख्या गाण्यात चाल तीच राहते आणि अंतऱ्यामागून अंतरे येत जातात. परिणाम त्या साचत जाण्यात आहे. ‘निवडक’ किंवा ‘सर्वोत्तम’ असल्या नावाच्या प्रतींत मधले अंतरे गाळलेले असू शकतात. पुस्तक समोर ठेवून अंतरे मोजावेत. ओंडक्यांच्या भेटीचा अंतरा नसेल तर ती प्रत परत करण्याच्या लायकीची.

आता एकेक साधन.

तबकडी. हिच्याबद्दल जेवढं हळवं बोललं जातं तेवढं नेमकं बोललं जात नाही. ७८ची तबकडी लाखेची. तिची खाच रुंद. तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. लाँगप्लेची खाच बारीक, तिला सुमारे २५ मायक्रॉनची. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलवर ७८चं बटण असतं, पण सुई लाँगप्लेचीच असते. ती रुंद खाचेच्या तळाशी, साचलेल्या धुळीत घसपटत जाते. मग आवाज येतो तो निम्मा गाण्याचा आणि निम्मा गाळाचा. ७८ ऐकायच्या असतील तर वेगळी सुई विकत घेण्याला पर्याय नाही. चावीच्या फोनोवर ऐकणार असाल तर पोलादी पिन दर बाजूला बदलायची. एका पिनवर चार बाजू वाजवणं म्हणजे तबकडीवर पटाशी चालवणं.

विकत घेताना, मग तो मुंबईचा चोरबाजार असो की पुण्याचा जुना बाजार, तबकडी उजेडात तिरकी धरावी. काळी चकाकी असेल तर ठीक. खाचा करड्या दिसल्या तर पोलादी पिनांनी त्या आधीच खाल्लेल्या आहेत आणि चढ्या स्वरावर आवाज हमखास फाटणार. मग तबकडी मधल्या भोकात बोट घालून लटकवावी आणि कडेला नखानं हलकी टिचकी मारावी. स्वच्छ नाद आला तर अखंड. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. धुताना मात्र स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही लावू नये. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, तबकडी कायमची जाते. डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनं फिरवायचा आणि मधलं लेबल कोरडं ठेवायचं. उन्हात वाळवायला ठेवली तर ती पापडासारखी वाकडी होईल.

लाँगप्ले आणि ४५च्या छोट्या रेकॉर्डना एवढे सोपस्कार नाहीत, पण सध्या सुटकेसच्या आकाराची जी गोंडस टर्नटेबलं मिळतात ती टाळलेली बरी. त्यांची सुई पाच-सहा ग्रॅम वजनानं टेकते. चांगल्या चुंबकी कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या तुकड्याला) दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. दिवाणखान्यात ती छान दिसतात हे मान्य. पण वडिलांनी जपून ठेवलेली रेकॉर्ड त्यांच्यावर ठेवण्यापेक्षा फ्रेम करून भिंतीवर लावलेली काय वाईट.

एवढं सगळं नीट जमलं तर काय मिळतं? ‘तोच चंद्रमा’चे दोन च अगदी कोरीव मिळतात आणि गायक खोलीत असल्याचा भास मिळतो. शिवाय बाजू संपली की शांतता मिळते. त्या शांततेची किंमत मोबाइलच्या भागात कळेल.

कॅसेटबद्दल मात्र मन घट्ट करून लिहावं लागेल. मराठी घरांतला मोठा ठेवा अजून कॅसेटींत आहे, आणि तो दरवर्षी थोडा थोडा मरतो आहे. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानं जाणारी पावणेचार मिलिमीटर रुंदीची फीत. तिच्यात बिघडण्याच्या जागा पुष्कळ.

बहुतेक वेळा दोष फितीत नसून टेपरेकॉर्डरमध्ये असतो. रबरी पट्टा सैल झाला की वेग कमी होतो. तीन टक्के वेग घसरला तर स्वर सुमारे पाव स्वर उतरतो, म्हणजे काळी एकमधलं गाणं काळी एक आणि पांढरी एक यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतं. मोबाइलवर तानपुरा लावून ताडून बघता येतं. मात्र जुन्या ध्वनिमुद्रणाची मूळ पट्टीच काटेकोर नसते, तेव्हा थोडा फरक मनावर घेऊ नये. स्वर गाण्यातल्या गाण्यात सरकतो का, ते पाहावं. ‘या चिमण्यांनो’ इथे कामाला येतं. पट्टा बदलायला फार खर्च नाही. तो बदलणारा माणूस शोधणं हेच खरं काम.

फीत गुंतते ती पिंच रोलर, म्हणजे फीत ओढणाऱ्या दांडीवर ती दाबून धरणारं रबरी चाक, चिकट झाल्यामुळे. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून धातूचं हेड पुसावं, दांडीही पुसावी. रबरी रोलरला मात्र साध्या ओल्या फडक्यानं भागतं. आवाज एकाएकी मंद आणि खोल गेला असेल तर कॅसेटच्या तोंडाशी बघा: तिथली नमद्याची छोटी गादी गळून पडलेली असते. पाच स्क्रूची कॅसेट असेल तर फीत दुसऱ्या चांगल्या खोक्यात घालता येते. चिकटवलेली असेल तर सुरीनं जपून उकलावी लागते.

कधी कधी गाणं सुरू होण्याआधी पहिली ओळ पुसटशी ऐकू येते, भुतासारखी. बरेच जण घाबरून कॅसेट फेकतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वर्षानुवर्षं न हलवता ठेवलेल्या फितीत एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. वर्षातून एकदा पुढे-मागे गुंडाळून ठेवली तर हे कमी होतं. सी-९०ची फीत सी-६०पेक्षा पातळ, म्हणून तिच्यात जास्त.

जे उरलं आहे ते संगणकात उतरवून घ्यायचं असेल तर यूएसबीचा स्वस्त प्लास्टिक वॉकमन घेऊ नका. त्याचा वेग डळमळतो आणि ती डळमळ कायमची मुद्रित होते. जुना, पण धड डेक मिळवा, त्याच्या लाइन-आउटमधून आवाज घ्या, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झवर मुद्रित करा. सर्वात मोठा स्वर उणे सहा डेसिबलपाशी राहील इतपतच पातळी ठेवा. ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. त्याआधी हेडशेजारचा छोटा स्क्रू: गाणं मोनोत ऐकत तो पाव पाव फेरीनं फिरवायचा, आणि च-स सर्वात उजळ येतील तिथे थांबायचं. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचं हेड आणि तुमचं हेड यांचा कोन जुळत नाही, म्हणून आवाज कांबळं पांघरल्यासारखा येत असतो. ही एक गोष्ट केली तर निम्मा फरक पडतो, आणि नव्वद टक्के लोक नेमकी हीच करत नाहीत.

मग येतो खरखर काढण्याचा मोह. सॉफ्टवेअरला खरखरीचा नमुना द्यायचा, ते ती पुसून टाकतं. सहा ते नऊ डेसिबलपर्यंत ठीक. वीसला नेलं की तानपुरा जातो, श्वास जातो, ओळीच्या शेवटचा विरत जाणारा स्वर मध्येच कापला जातो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. ‘इंद्रायणी काठी’च्या नेटवरच्या काही ‘एचडी’ प्रती ऐकून बघा. भीमसेनांचा दमदार आवाज चकचकीत, पण गुळगुळीत, दळलेल्या पिठासारखा. मूळ खरखरीत श्वास होता, आणि त्या श्वासावरून पुढची तान किती लांब जाणार याचा अंदाज यायचा. ती धाकधूक गेली की गाणं अर्धं. खरखर कान पाच मिनिटांत विसरतात. गेलेला श्वास परत आणता येत नाही.

सीडीबद्दल एवढंच: मराठी भावगीतांच्या जुन्या सीडी रद्दीच्या भावात मिळतात, त्या घ्याव्यात. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, या गाण्यांना पुरून उरतं. अनेकदा नेटवरच्या प्रतीपेक्षा मूळ ध्वनिमुद्रणाच्या जवळची प्रत सीडीवरच असते, आणि पुस्तिकेत कवी-संगीतकारांची नावं असतात.

आता डबा. २०१७मध्ये सारेगामानं ५,००० हिंदी गाणी भरलेला ‘कारवाँ’ आणला आणि जुन्या रेडिओच्या तोंडवळ्याचा, आधीच गाणी भरलेला असा एक प्रकारच रूढ झाला. मराठी गाण्यांचाही निघाला. तशा प्रकारच्या डब्यांचं परीक्षण करताना एक गोष्ट आधी मान्य केली पाहिजे: हे यंत्र ज्यांच्यासाठी आहे त्यांना ते बरोबर कळतं. मोठी गोल कळ, फिरवली की गायक बदलतो. पासवर्ड नाही, अपडेट नाही, मध्ये फोन वाजत नाही. सत्तरीपुढच्या माणसाला स्वतःच्या हातानं, कुणाला न विचारता, हवं ते गाणं लावता येणं ही साधी सोय नव्हे.

आवाज? लहान स्पीकर, प्लास्टिकचं खोकं. डग्गा जवळजवळ नाहीसा होतो, पण मधला पट्टा समोर येतो. ‘तोच चंद्रमा’चे दोन च अशा डब्यावर बऱ्याच महागड्या पार्टी स्पीकरपेक्षा स्वच्छ लागतात, हे ऐकून ज्यांनी दहा हजारांचा स्पीकर घेतला ते नाराज होतील. आवाज निम्म्याच्या वर नेला की मात्र खोकं स्वतःच गाऊ लागतं. मोठ्या खोलीसाठी हे नाही. खाटेशेजारच्या तिवईसाठी आहे.

अडचण मालाची. अशा डब्यात कंपनीच्या स्वतःच्या संग्रहातलीच गाणी येणार. दुसऱ्या कंपनीची आली नाहीत म्हणून रुसण्यात अर्थ नाही, पण घेण्याआधी आपली दहा गाणी कागदावर लिहावीत आणि सोबतच्या यादीत ती शोधावीत. सहाच्या खाली सापडली तर डबा आपल्यासाठी नाही. गाण्याची पहिली ओळ सांगून शोधायची सोय बहुधा नसते. ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ आत्ता, या क्षणी ऐकायचं असेल तर गायकाच्या कप्प्यात शिरून पुढे पुढे करत बसावं लागतं, आणि तोवर ती हुरहूर निघून जाते.

यावर उपाय पेनड्राइव्ह. बहुतेक डब्यांना मागे जागा असते. ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट करावा, गाणी एमपी-३ करून ठेवावीत. ३२० केबीपीएसला (सेकंदाला तितके किलोबिट; आकडा मोठा तितका दर्जा चांगला) पाच मिनिटांचं गाणं सुमारे १२ एमबीचं होतं, म्हणजे १६ जीबीत हजाराच्या वर गाणी बसतात. पण हजार भरू नयेत, साठ-सत्तर भरावीत. फायलींना ००१, ००२ असे आकडे द्यावेत आणि त्याच क्रमानं एकेक करून कॉपी कराव्यात, कारण पुष्कळ स्वस्त यंत्रं नावानुसार नव्हे तर कॉपी केल्याच्या क्रमानं वाजवतात. आणि डबा दिवसरात्र चार्जरला जोडून ठेवू नका, बॅटरी फुगते.

ब्लूटूथचे पार्टी स्पीकर आवाज लहान असताना बास मुद्दाम वाढवतात. तसा त्यांच्यातला कार्यक्रमच लिहिलेला असतो. भावगीत हळू आवाजात ऐकायचं असतं, म्हणजे नेमका तिथेच घोळ. घरात तोच असेल तर ‘बास बूस्ट’ आधी बंद करावं. इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्‌झच्या खालचं उतरवावं, २,००० ते ३,००० हर्ट्‌झपाशी एक-दोन डेसिबल वाढवावेत, आणि खरखर फार असेल तर ७,०००पाशी दोन कमी करावेत. याहून जास्त ढवळू नये. स्पीकर कोपऱ्यात ठेवला तर तो घुमतो, फ्रिजवर किंवा लोखंडी कपाटावर ठेवला तर कपाट साथीला बसतं. लाकडी टेबलावर, कानाच्या उंचीला, हातभर ते दोन हात अंतरावर ठेवावा. आणि पंखा एक नंबरवर. पंख्याची घरघर श्वासाच्या जागेवरच बसते. हजारो रुपयांचा फरक त्या रेग्युलेटरच्या एका खटक्यात आहे.

मोबाइलवरच्या गाण्यांच्या सेवा मालाच्या बाबतीत सर्वात श्रीमंत आणि मांडणीच्या बाबतीत सर्वात अडाणी. दर्जाची तक्रार आता फारशी उरलेली नाही, फक्त सेटिंग करावी लागते. स्पॉटिफायवर ‘लो’ म्हणजे सुमारे २४ केबीपीएस, ‘नॉर्मल’ ९६, ‘हाय’ १६०, आणि पैसे भरणाऱ्याला ‘व्हेरी हाय’ ३२०. ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलं की रेंज कमी झाली रे झाली की दर्जा गुपचूप उतरतो. चोवीसवर ‘तोच चंद्रमा’ लावून बघाच: दोन च तर एक होतातच, पण ‘नभात’मधला ‘भ’सुद्धा ‘ब’कडे झुकतो. १६०वर बहुतेक कानांना फरक कळत नाही. वायफाय असताना गाणी उतरवून ठेवावीत.

शोधताना आधी देवनागरीत शोधा, मग रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगांनी; मूळ प्रत बऱ्याचदा विचित्र स्पेलिंगखाली पुरलेली असते. कवीचं नाव मात्र पडद्यावर क्वचितच दिसतं. शान्ता शेळके, ग्रेस, सुरेश भट, सुधीर मोघे हे जणू नव्हतेच. शब्दांवर उभ्या असलेल्या गाण्याच्या बाबतीत ही चूक छोटी म्हणता येत नाही. आकाशवाणीचा निवेदक अजूनही गीत, संगीत, स्वर अशी तिन्ही नावं घेतो. त्या एका कारणासाठी आठवड्यातून एकदा रेडिओ लावावा.

खरा अपराध पुढचा. तिन्हीसांजेचं गाणं संपतं, ‘रे’ हवेत विरायच्या आत एखादं कोळीगीत किंवा कुठल्याशा वॉशिंग पावडरची जाहिरात दणकन आदळते. ‘ऑटोप्ले’ सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, ‘क्रॉसफेड’ (एक गाणं विरताना पुढचं त्यात मिसळणं) शून्यावर ठेवता येतो. जाहिराती फुकटात बंद होत नाहीत. त्यावर एक गावठी तोडगा आहे: स्वतःच्या यादीत प्रत्येक गाण्यानंतर तीस सेकंदांची कोरी फाइल ठेवायची. उतरवून घेतलेल्या फायलींच्या साध्या प्लेअरवर हे सहज जमतं. तबकडी उलटवायला जेवढा वेळ लागायचा, साधारण तेवढाच हा वेळ आहे.

राहता राहिला हेडफोन. यंत्रांवर एकूण दोन हजारच खर्च करायचे असतील तर तिथेच करा: तारेचा, पूर्ण कान झाकणारा, ‘एक्स्ट्रा बास’ असं न लिहिलेला. मोबाइलला जॅक नसेल तर टाइप-सीचं छोटं कन्व्हर्टर. श्वास, जिभेचा टाळूला होणारा स्पर्श, हार्मोनियमच्या भात्याची हालचाल, हे ऐकवायला याच्याइतकं स्वस्त दुसरं साधन नाही. बिनतारी बुडखे (इअरबड) वापरत असाल तर रबरी टोपी कानात नीट बसेल अशा मापाची निवडा. सैल बसली तर आवाज पातळ होतो आणि लोक मग इक्वलायझरला दोष देतात. एकच कान वापरायची सवय असेल, किंवा एका कानानं कमी ऐकू येत असेल, तर फोनच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त जाऊन ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. साठ-सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या स्टिरिओ मुद्रणांत आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला अशी वाटणी असायची. एका कानानं ऐकणाऱ्याला मग नुसती सतारच मिळते.

वयस्कर माणसांसाठी एक वेगळी गोष्ट. वय वाढतं तसा आधी वरचा पट्टा जातो, म्हणजे व्यंजनं जातात. म्हणून ‘आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार असते. यावर आवाज मोठा करणं हा उपाय नाही. त्यानं फक्त स्वर मोठे होतात. स्पीकर जवळ आणा आणि २,००० ते ४,००० हर्ट्‌झचा पट्टा तीन-चार डेसिबलनं उचला.

आणि तारेचा हेडफोन लावल्यावर वाद्यं ठणठणीत, पण गायक कुठेतरी दूर गुहेत गेलाय असं वाटलं तर लगेच दुकानात धावू नका. जॅक पूर्ण आत गेलेला नाही. अर्धवट बसलेल्या जॅकमध्ये दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज एकमेकांतून वजा होतो, आणि गायक नेमका मधोमध असतो. मोनो गाणं असेल तर जवळजवळ सगळंच गप्प होतं. मोबाइलचं कव्हर जाड असलं की हे हमखास घडतं. कव्हर काढा, जॅक ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा.